रामदास मिस्त्रीचे एकशे ऐंशी घोडे

रामदास, तुझ्या तेरवीला मी आलो, पण जेवलो नाही. पान मांडलं होतं, तुझ्या साळ्यानं दोनदा हात धरला, मी उठलो. लोकांना वाटलं, बंडूभाऊला दुःख आवरेना. खरं तुला सांगतो. ज्या माणसाला मी भरचौकात चोर म्हणालो, त्याच्या नावाचा घास कसा गिळायचा हे मला कळेना. आणि म्हणालो ते खरं की खोटं, हेही तोवर मला माहीत नव्हतं.

तू कसा गेलास, कुठल्या दवाखान्यात नेलं, किती वाजता, हे सगळे सांगताहेत. ते मी लिहिणार नाही. मला आपलं भांडण पुरं करायचं आहे. तू मधूनच उठून गेलास, आणि सौदा चालू असताना मधूनच उठणारा माणूस मला कधी सरळ वाटलेला नाही.

मंडपाच्या मागं चुली विझत होत्या, तिथं वहिनींनी मला गाठलं.

"भाऊ, एक इचारू? रागावसान नाई ना?"

"इचारा."

"यायनं खरंच तुमच्या गाडीतलं सामान काढलं होतं का?"

मी म्हणालो, "तुमी कधी त्याले इचारलं नाई?"

"इचारलं असतं तर त्यायले वाटलं असतं, मीबी तुमच्यासारखीच झाली. सहा महिने तोंड बंद ठेवलं. आता कोनाले इचारू?"

म्हणजे माझा शब्द तुझ्या घरात शिरला होता, तुझ्या ताटाशेजारी बसून जेवत होता. मी म्हणालो, "पाहून सांगतो." हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा बोलतो आणि एकदाही पाळत नाही. त्या दिवशी बोललो आणि घरी जाऊन गाडीवरची ताडपत्री काढली.

लोकांनी माझं ऐकलं यात त्यांचा दोष नाही. बंडूभाऊला कुणी फसवू शकत नाही, ही गोष्ट घुग्घुसमध्ये मीच पसरवली आहे. कोळशाच्या ट्रकवर क्लीनर होतो. तिथून भंगार, लिलावातली टायरं, अपघातातल्या गाड्या, आज रस्त्यालगत दोन एकराचं आवार. हे सगळं मी एकाच गुणावर केलं: समोरचा जे बोलतो त्याच्या मागं काय लपवतो ते शोधायचं. तेव्हा बंडूभाऊ कुणाला चोर म्हणाला तर तो असणारच.

अहेरीचा दिवस मला राहून राहून आठवतो. एका लाकूड ठेकेदाराच्या शेडात ती गाडी पडून होती. लाल, ठेंगणी, दोन दारांची, परदेशातून कुणी हौशीनं आणवलेली. पुराच्या पाण्यात घातली आणि इंजिन गेलं. मी क्लीनर असताना तशीच एक गाडी आमच्या ट्रकला घासून पुढं गेली होती आणि आमचा ड्रायव्हर म्हणाला होता, "पाहून घे पोट्ट्या, आपल्या नशिबात एवढंच." तेव्हापासून मला ती हवी होती. पण हवी आहे हे ठेकेदाराला कळता कामा नये, म्हणून तुला सोबत घेतलं. वाटेत आलापल्ली येईपर्यंत तुला पढवत नेलं. तू फक्त खोट काढायची. पत्रा सडला म्हण, चेसिस वाकली म्हण, मान हलव. बाकी मी पाहतो.

तू गाडीखाली शिरलास, पाच मिनिटांनी धूळ झटकत बाहेर आलास आणि ठेकेदाराच्या तोंडावर म्हणालास, "भाऊ, अशी बॉडी मी आजवर पाह्यली नाई. एक टाका सुटला नाई हिचा."

ठेकेदार तेलुगू होता, पण एवढी मराठी त्याला कळत होती. त्यानं लगेच चहा मागवला. विकणारा आपणहून चहा मागवतो तेव्हा भाव वर गेलेला असतो.

परतताना मी तुला सोडलं नाही. "किती ठरलं तुझं त्याच्यासंग?"

"काय ठरलं?"

"कमिशन."

रस्त्याकडेला बाया मोहफुलं वेचत होत्या, त्यातल्या एकीला तू हात केलास, जणू मी बोललोच नाही. मग म्हणालास, "चांगल्याले खराब म्हनता येत नाई मले, भाऊ. म्हटलं तर मंग त्याच्यावर हात चालत नाई."

मी हे ऐकलं, आणि कमिशन लपवायची ही एक नवी तऱ्हा आहे असं मनाशी म्हणालो. इतक्या सरळ बोलण्यात काहीतरी वाकडं असणारच, हा माझा हिशोब होता.

तुझं काम काय ते या भागातल्या पुष्कळांना शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांना वाटायचं, रामदास गाड्या दुरुस्त करतो. तू दिवसभर ट्रकचे क्लच बदलायचास हे खरं. पण तुझा जीव दुसऱ्याच कामात होता. हलक्या गाडीतलं छोटं इंजिन काढायचं आणि तिथं दुसऱ्या गाडीचं मोठं, ताकदीचं इंजिन बसवायचं. नागपूरची हौशी पोरं तुझा पत्ता विचारत कोळशाच्या धुळीतून यायची. मासेमारीच्या घरातला, बारावी नापास, जुन्या लॅपटॉपवर इंजिनाच्या कंप्युटरची भाषा स्वतःच शिकलेला माणूस. याचा मला अभिमान होता. तो मी तुला कधी दाखवला नाही, दाखवला असता तर तू मजुरी वाढवली असतीस असं मला वाटायचं.

माझ्या लाल गाडीसाठी मी हैदराबादच्या भंगार बाजारातून इंजिन आणलं, अपघातातल्या एका मोठ्या गाडीचं, टर्बोसकट. टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. सगळी रग त्याचीच. तू ते जमिनीवरच ठोकळ्यांवर ठेवून चालू केलंस, स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ऐकलंस. चेहरा बघून मला कळलं की माल चांगला आहे.

"किती घोडे देशील?" मी विचारलं. गाडीची ताकद घोड्यांत मोजतात एवढं मला माहीत होतं.

"तसं सांगत नसते, भाऊ."

"काऊन?"

"आमचा बुढा जाळं घेऊन तलावावर निघाला अन् कोनी इचारलं, आज किती आनशीन, त बुढा माघारी येऊन बसे. दिवसभर जाये नाई."

"मी काय तुले मासे मागून राह्यलो? बोल."

"एकशे चाळीस."

"दोनशे वीस."

"इंजिन फाटन, भाऊ."

"दोनशे."

"एकशे साठ. अन् तेबी थंडीत. उन्हात कमी होते."

"थंडी-गर्मीचं मले नोको सांगू. माझं भंगार उन्हातबी तेवढंच भरते. एकशे नव्वद."

एकशे ऐंशीवर तू हात पुढे केलास. शेजारचा वेल्डर हसून हसून खाली बसला. म्हणाला, "बंडूभाऊनं घोड्याचाबी भाजीपाला केला!" मी मात्र हसलो नाही. चाळीस घोडे इतक्या सहज वाढवणाऱ्याच्या तबेल्यात आणखी असणारच, आणि ते तो दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी ठेवणार, असं तेव्हाच माझ्या डोक्यात बसलं. तुझ्या घरचं कुणी कधी आकडा बोललं नव्हतं. तुझ्या तोंडून तो मी ओढून काढला आणि मग त्याच आकड्यानं तुला बडवलं.

सात महिने लागले. इंजिन चार बोटं लांब निघालं. तू पुढचा पत्रा कापून रेडिएटर सरकवलास. इंजिन ज्यावर बसतं त्या पट्ट्यांचे साचे तू मिठाईच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून कापायचास, लावून बघायचास, फेकायचास, पुन्हा कापायचास. मी रोज संध्याकाळी येऊन उभा राहायचो. मदतीला नाही, पाहायला. तुला ते कळत होतं. एकदा म्हणालास, "भाऊ, तुमी असे पाहता की मलेच वाटते मी काही उचललं." मी म्हणालो, "मंग उचलू नको." दोघंही हसलो. तुझ्या हसण्यात आणि माझ्या हसण्यात फरक होता तो आता दिसतो.

पण पहिल्यांदा चावी फिरवायची तेव्हा तू मला बसवलंस. मिस्त्री स्वतः बसतो, सगळीकडे तीच रीत आहे. तू बॉनेटपाशी हात वर करून उभा राहिलास, आवाज आला तेव्हा डोळे मिटलेस. क्लीनरच्या पोराला त्या सीटवर बसवणारा तू एकटाच. याबद्दल मी तुला काही बोललो नाही. बोलायला हवं होतं. तेव्हा मी आरशात नागपूरच्या एका पोराची पांढरी गाडी पाहत होतो. ती त्याच आठवड्यात तयार झाली होती आणि तिच्यातही टर्बो होता.

तो एप्रिल होता. घुग्घुसचा एप्रिल तुला सांगायला नको. भरदुपारी मी गाडी रस्त्यावर काढली आणि दाबली. पळाली, पण आतडं पिळून निघावं अशी नाही. पांढरी गाडी मी पाहिली होती, ती वेगळी पळायची. मे महिन्यात कुणाला न सांगता हैदराबाद गाठलं. तिथं एकाकडे ताकद मोजायचं मशीन आहे. गाडी जागच्या जागी मोठ्या रुळांवर पळवतात आणि पडद्यावर आकडा येतो. आकडा आला एकशे एकतीस.

एकशे ऐंशीतून एकशे एकतीस गेले, उरले एकोणपन्नास. एकोणपन्नास घोडे कुठं गेले? मला उत्तर पाठ होतं.

दुसऱ्या दिवशी चौकातल्या वामनच्या चहाच्या टपरीवर तू उभा होतास. खाणीची पहिली पाळी सुटलेली, पन्नास मोटारसायकली, सगळ्यांच्या हातात चहा.

"माझा टर्बो कुठी आहे?"

"तुमच्या गाडीत."

"नागपूरच्या गाडीत आहे म्हन."

"खोलून पाहा, भाऊ."

"तूच खोलनार, तूच दाखवनार! अन् इंजिनाच्या कंप्युटरले कुलूप काऊन लावलं? कोनाले दिसू नये म्हनून?"

"तुमच्यासाठीच लावलं. तुमी कुठूनबी ताकद वाढवून घ्यान अन् मंग इंजिन..."

"चोर आहेस तू, रामदास."

तू कप ठेवलास. चिडला नाहीस, याचाच मला जास्त राग आला. निरपराध माणूस ओरडतो. तू एवढंच म्हणालास, "डिसेंबरात या. तवा पाहू."

डिसेंबरात या! लोक पैसे मागायला आले की मी त्यांना असाच महिना देतो. दिवाळीनंतर ये, पोळ्यानंतर ये. नंतर ये म्हणजे कधीच येऊ नको, हे मला कुणी शिकवायचं? माझंच हत्यार तू माझ्यावर चालवतोस असं मला वाटलं. गाडी घरी नेली आणि ताडपत्री घातली.

मग नागपूरच्या दोन अर्धवट गाड्या तुझ्या दारातून ओढून नेल्या गेल्या. नवी कुणी आली नाही. तू नुसते ट्रकचे क्लच बदलत राहिलास. जाता-येता मी पाहायचो. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? पांढऱ्या गाडीचा पोरगा एकदा माझ्या आवारात येऊन म्हणाला, "काका, माझा टर्बो मी स्वतः पुण्याहून आणलाय." मी त्याला हाकललं. तूच शिकवून पाठवला असणार.

डिसेंबर उजाडायच्या आठवडाभर आधी तू गेलास. हाही मला पहिल्या क्षणी तुझा डावच वाटला, बघ. मेलेल्या माणसावर संशय घेण्याइतका मी पुढं गेलो होतो.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी हैदराबादला निघालो. निघण्याआधी कपाटातून इंजिनाचं बिल काढलं. त्यावर टर्बोचा नंबर होता. रामदास, तो कागद वर्षभर माझ्याच कपाटात होता. बॉनेट उघडून, बॅटरीचा झोत टाकून दोन नंबर जुळवायचे, पाच मिनिटांचं काम. ते मी का केलं नाही, याचा वाटभर विचार केला. दुसऱ्याचा संशय आला की पुढं काय करायचं हे मला येतं. संशय खोटा निघाला तर काय करायचं, ते येत नव्हतं.

सकाळी सातला त्या मशीनवाल्याच्या दारात मी पहिला होतो. गारठा होता. त्यानं नंबर पाहिला, बिल पाहिलं, म्हणाला, "वही है, भाई." मग गाडी रुळांवर चढवली. आकडा आला एकशे सत्तावन्न.

"तुमची मशीन बिघडली," मी म्हणालो.

त्यानं पुन्हा पळवली. एकशे छप्पन्न. गाडी तापवून पळवली तेव्हा एकशे चाळीस. मग तो मला पडद्यासमोर घेऊन बसला, लहान पोराला समजवावं तसा. चाकांपर्यंत येता येता ताकद वाटेत घटतेच. चाकाला एकशे सत्तावन्न म्हणजे इंजिनाला एकशे ऐंशी झाले, दोन-चार जास्तच. आणि आत येणारी हवा फार तापली की इंजिन स्वतःहून टर्बोचा दाब कमी करतं, म्हणजे आतून फुटत नाही. "जिसने बनाया ना, उसने आपके यहाँ की गर्मी देख के बनाया. कौन है ये?"

"हमारे गाँव का है," मी म्हणालो. 'होता' म्हणवलं नाही.

"लॉक तोड़ दूँ? तीस और निकलेंगे."

तीस घोडे, जवळजवळ फुकट. तोंडाला पाणी सुटलं, खरं सांगतो. विचारलं, "और मई में?"

"मई में फिर ऊपरवाला मालिक."

मी म्हणालो, राहू दे.

सगळा माल मी खोदून खोदून विकत घेतो. कुठला, किती जुना, कुठल्या काट्यावर तोलला. घोड्यांचा भाव करताना तू आपणहून ऋतू सांगितलास आणि मी तो भंगाराच्या काट्यावर टाकला. तू थंडी म्हणालास ती खरी, डिसेंबर म्हणालास तोही खरा. एवढं साधं बोलणारा माणूस मला माझ्या धंद्यात भेटलेला नव्हता, म्हणून मी ओळखला नाही.

माझी तक्रार मात्र अजून आहे. तू ओरडला का नाहीस? माझी कॉलर धरून, दोन शिव्या देऊन हवेचं गणित का नाही घातलंस गळी? तुला माहीत होतं बंडूला आवाजच कळतो. तू गप्प बसलास आणि सहा महिने मला चुकीचा राहू दिलंस. यात थोडी तुझीही मस्ती होती, असं मला आजही वाटतं.

वहिनींना सांगितलं. मशीनच्या आकड्यांचा कागद समोर ठेवला. त्यांनी कागदाकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

"मले बरं वाटावं म्हनून त नाई ना सांगून राह्यले, भाऊ?"

मी हैदराबादच्या माणसाला फोन लावला, आवाज मोठा केला आणि म्हणालो, जे मला सांगितलं ते पुन्हा सांगा. त्यानं सांगितलं. शेवटी म्हणाला, "उस मिस्त्री को बोलो मेरे पास आ जाए, हाथ सोने का है उसका." वहिनी पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. फोन बंद झाल्यावर म्हणाल्या, "त्यायले कोनी असं तोंडावर म्हटलं नाई कधी." तो टोमणा होता की नाही, मी विचारलं नाही. मला लागायचा तिथं लागला.

मग चौकात गेलो. वामनच्या टपरीवर, त्याच वेळी, तेवढीच गर्दी. मला हळू बोलता येत नाही, म्हणून ओरडूनच सांगितलं. रामदासनं एक नटही उचलला नव्हता. मी खोटा होतो. कागद हलवून दाखवला.

वामन म्हणाला, "जाऊ द्या ना भाऊ. गेलेल्या मानसाचं काय काढता."

"अरे, मी त्याले चांगलं म्हनून राह्यलो!"

"हो ना. गेल्यावर चांगलंच म्हना लागते."

"हा कागद पाह्य!"

"तुमच्याकडे कोनताबी कागद भेटते, भाऊ," मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. वामननं चहा पुढे केला. "तुमचं मन मोठं आहे, बंडूभाऊ. एवढं नुकसान करून गेला, तरी तुमी त्याचं नाव झाकून राह्यले."

रामदास, आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला मोठ्या मनाचा म्हणालं. तो कप मी फेकला. तुला चोर म्हणालो तेव्हा एकानंही पुरावा मागितला नव्हता. आता पुरावा हातात आहे आणि त्यांना तो माझा चांगुलपणा वाटतो. आणि तुझ्या गॅरेजच्या कुलपावर वहिनींनी भाड्यानं देण्याची पाटी लावली तर ते कोण घेईल? चोराची जागा म्हणूनच बघतील.

म्हणून उद्यापासून सकाळी सहाला गाडी तुझ्या गॅरेजसमोर लावणार आहे, बॉनेट उघडं ठेवून. रात्रपाळीचे लोक सुटतात, सकाळपाळीचे येतात. एकेकाला शेजारी बसवीन, चंद्रपूरच्या रस्त्याला घालीन आणि पायाखालचं सगळं दाबीन. उतरताना ज्याचे पाय थरथरतील त्याला विचारीन, आता बोल, रामदास मिस्त्री कोण होता? वामनला सगळ्यात आधी बसवणार. रोज चार माणसं, पाच माणसं. घाई करायला हवी. फेब्रुवारी सरला की ऊन चढेल, आणि हीच गाडी पुन्हा तुझ्याविरुद्ध साक्ष देऊ लागेल.